मुहूर्ताचा सर्व्हर

सर्वेशच्या लॅपटॉपवर सकाळपासून एकच पान उघडत होतं: सर्व्हर चालू झाल्याबद्दल अभिनंदन! ते वाचून वाचून त्याला रडू यायचं बाकी होतं. पुण्याची नोकरी सोडून तो गावी आला होता, किनाऱ्यावरच्या घरगुती खोल्यांचं बुकिंग वेबसाइटवर आणायला. चार वाजता खोलीवाल्यांच्या मंडळाच्या आकांक्षाताई साइट बघायला येणार होत्या. पसंत पडली तर ठीक, नाहीतर परत पुणं. त्यानं सेटिंग बदलून पाहिली, लॅपटॉप बंद करून चालू केला. पान हलेना.

"चालू आसा म्हणता ना ता?" आईनं, म्हणजे सुभद्राबाईंनी विचारलं.

"सर्व्हर चालू आसा गो आये, पण माझी साइट खंय आसा?"

मुलगा परत जाणार या धास्तीनं सुभद्राबाईंनी तडक शेजारच्या भिकाजीआजांना आणलं. गावात बोअर मारायची असो की नवी रिक्षा काढायची, आजांनी देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुणी हात लावत नसे.

"मोघम गाऱ्हाना चलणा नाय," आजा म्हणाले. "काय अडला ता सगळा सांग."

आजांना नाही म्हणायची सर्वेशची छाती नव्हती. त्यानं सांगितलं, जावा नावाच्या संगणकी भाषेत लिहिलेली साइट टॉमकॅट नावाच्या सर्व्हरवर चालते. सर्व्हरला एक दार लागतं, पोर्ट म्हणतात त्याला. आणि एका दारात एकच सर्व्हर बसतो.

आजांनी नारळ धरून डोळे मिटले. "बा रवळनाथा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मायलेक म्हणाले.

"ह्या लेकरान दसऱ्याच्या मुहूर्ताक जो सर्व्हर चालू केल्यान, तो आजपावत चालू आसा..."

"व्हय म्हा—" सर्वेश अडखळला. "आजानू, काय म्हटलात?"

दसऱ्याला साइट तयार नव्हती, पण आई मुहूर्त सोडायला तयार नव्हती. म्हणून त्यानं आजांच्याच गाऱ्हाण्यावर एक कोरा सर्व्हर सुरू करून दिला होता. मुहूर्ताचं काम बंद पडू नये, आणि वीज तर सारखी जाते. म्हणून लॅपटॉपबरोबर तो आपोआप सुरू होईल अशी सोयही केली होती. मग तो साफ विसरला, आणि साइटच्या नव्या सर्व्हरला नेमकं तेच दार दिलं. सकाळपासून तो सेटिंग बदलत होता नव्याची, आणि उत्तर देत होता जुना.

"आये, मुहूर्ताचो सर्व्हर दार अडवून बसलो हा! बंद करतंय तेका."

"हात लावून बघ! मुहूर्ताचो तो."

"अगो, चार वाजत इले!"

"मगे नव्याक दुसरा दार दी!"

सर्वेशनं मुकाट्यानं दुसरं दार दिलं. साइट उघडली, खोल्यांच्या फोटोंसकट. आजांनी डोळे न उघडता राहिलेलं गाऱ्हाणं पुरं केलं, आणि शेवटचं "व्हय म्हाराजा" सर्वेशनं सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं.

आकांक्षाताईंनी काम दिलं. आजांचे आणि आईचे उपकार कसे फेडावे, सर्वेशला कळत नाही. कोरा सर्व्हर अजून चालू आहे. रोज कामाला बसण्याआधी तो तेच पान उघडतो. त्यातलं अभिनंदन आता त्याला पटतं. कुणी ऐकत नाही ना बघून तो हळूच पुटपुटतो, "बा रवळनाथा, म्हाराजा..."

स्वयंपाकघरातून लगेच आवाज येतो, "व्हय म्हाराजा!"