जो अच्छा लगे, उसे मत दो

सोमवारी तिसऱ्या तासाला वृंदा देवस्थळीने पाचवी ‘ब’च्या फळ्यावर एक वाक्य लिहिलं आणि स्वतःच्या पायावर स्वतःच धोंडा पाडून घेतला. वाक्य होतं, ‘जो सबसे अच्छा लगे, उसे मत दो।’

मराठी माणसाला यात खटकण्यासारखं काही दिसायचं नाही. वृंदालाही दिसलं नाही. ती पुण्याची, लग्न होऊन दिल्लीला सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आली आणि जवळच्याच शाळेत लागली. दोन वर्षांचं प्रोबेशन या शुक्रवारी संपत होतं. प्रिन्सिपल सभरवाल मॅडम कागदावर सही करणार, की वृंदा कायम. सही नाही केली, की घरी. त्यामुळे त्या आठवड्यात बाई वर्गात खडूसुद्धा जपून मोडत होती.

एरवी तिने फळ्यावर ‘वोट’च लिहिलं असतं. पण सप्टेंबर चालू होता, शाळेत हिंदी पखवाडा होता, आणि पंधरा दिवस फळ्यावर एकही इंग्रजी शब्द दिसता कामा नये असं मॅडमचं सर्क्युलर निघालं होतं. सर्क्युलर इंग्रजीत होतं, ते सोडा. नागरिकशास्त्रात धडा होता निवडणुकीचा. वृंदाने ठरवलं, धडा नुसता वाचायचा नाही, वर्गाच्या मॉनिटरची खरीखुरी निवडणूकच घ्यायची. गुप्त मतदान, बिस्किटांच्या डब्याची मतपेटी, बोटाला स्केचपेनचा ठिपका, सगळं साग्रसंगीत.

उमेदवार दोन. एक गरिमा माथुर, गेल्या वर्षीची मॉनिटर, पहिला नंबर, अक्षर छापल्यासारखं. दुसरी कमलेश दहिया. कमलेश हे मुलीचं नाव असतं हे वृंदाला दिल्लीत येऊन कळलं. पहिल्या दिवशी हजेरी घेताना ती वर्गभर मुलगा शोधत होती. ही कमलेश मुनिरक्याची, डीटीसी बसच्या ड्रायव्हरची पोर, भारी मारकुटी. तिच्या शेजारी बसायला कोणी तयार नसे. तिने उभं राहायला हात वर केला तेव्हा वृंदाला तिची दयाच आली. बिचारीला दोन-चार तरी मतं पडू देत, असं तिने मनात म्हटलं.

मतमोजणी झाली. कमलेश एकोणचाळीस, गरिमा तीन.

वृंदाने चिठ्ठ्या पुन्हा मोजल्या. एकोणचाळीस म्हणजे एकोणचाळीस. कमलेशचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं आणि गरिमाने भोकाड पसरलं.

“अरे, ये क्या किया तुम लोगों ने?” वृंदाच्या तोंडून निघून गेलं.

पहिल्या बाकावरचा विवेक बिष्ट उठला. मुलगा शहाणा, नेहमी सगळ्यांच्या वतीने बोलणारा. “मैम, आप ही ने तो लिखा है। जो सबसे अच्छा लगे, उसे मत दो। हमें गरिमा सबसे अच्छी लगी, तो नहीं दिया।”

चाळीस माना गंभीरपणे हलल्या.

वृंदाने वळून फळ्याकडे पाहिलं. ‘शोर मत करो’ हे वाक्य ती दिवसातून पन्नास वेळा ओरडत असे. पण ‘नको’वालं हिंदी मत आणि आपलं मतपेटीतलं मत एकाच फळ्यावर भेटतील, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ‘आवडेल त्याला देऊ नका’ असं तिने स्वतःच्या हाताने, ठळक अक्षरात, खाली रेघ मारून लिहिलं होतं. तिने झटकन डस्टर उचललं. पण तेवढ्यात रडणं ऐकून सभरवाल मॅडम दारात आल्या होत्या.

“वाह! चुनाव हो गया? कौन जीता?”

“मैं!” कमलेश ओरडली. मॅडमनी आपल्या हाताने तिच्या फ्रॉकला मॉनिटरचा बिल्ला लावला, तिचा गाल थोपटला आणि त्या निघून गेल्या. वृंदाने डस्टर गुपचूप टेबलावर ठेवून दिलं.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. श्यामकांत देवस्थळी मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होता, आणि तो सरकारी नोकरीत लागल्यापासून ज्या गोष्टीला सर्वात जास्त भीत आला होता ती होती सीआर, म्हणजे साहेब वर्षाअखेर गुपचूप लिहितात तो शेरा.

“गरिमा कोण म्हणालीस?” त्याने चहाचा कप खाली ठेवला.

“माथुर. तुमच्या माथुरसाहेबांची मुलगी.”

“माथुरसाहेबांची? अगं, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?”

“तीनदा सांगितलंय. तुम्ही ‘अच्छा, अच्छा’ म्हणत पेपर वाचत होतात.”

श्यामकांतच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब माणूस चांगला, पण मुलगी म्हणजे जीव की प्राण. टेबलावर फोटो तिचा, काचेखाली चित्रं तिची. “संपलं सगळं. मला आता पोर्ट ब्लेअरला टाकतील. तू एक काम कर, फेरमतदान घे.”

“आणि कमलेशला काय सांगू? बाळ, तू कोणालाच आवडत नाहीस म्हणून जिंकलीस, दे तो बिल्ला परत?”

त्या रात्री दोघंही जेवले नाहीत.

मंगळवारी सकाळी वृंदा खरं सांगून टाकायचं ठरवूनच शाळेत गेली. फाटकाशी कमलेश उभी होती. केसांना चपचपीत तेल, दोन वेण्या, लाल रिबिनी, बूट चकाचक. बरोबर तिची आई होती, डोक्यावरून पदर ओढलेली. “मैडम जी, मेरी छोरी नै तो कोई जनमदिन पै भी ना बुलावै था,” ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली. वृंदा नुसती हसली, आत गेली आणि स्टाफरूममध्ये खुर्चीवर मटकन बसली. हे सगळं आपल्या एका शब्दामुळे झालं, आणि आता एका शब्दाने ते मोडायचं. तिला स्वतःचाच राग आला.

इकडे अकरा वाजता साहेबांनी श्यामकांतला बोलावून घेतलं. संध्याकाळी तो घरी आला तो चक्क शीळ घालत.

“सुटलो! सगळं सांगून टाकलं. म्हटलं, सर, मुलांचा दोष नाही, माझ्या मिसेसचं हिंदी कच्चं आहे. साहेब खो-खो हसायला लागले. म्हणाले, ‘यानी असल में तो गरिमा जीती!’ लगेच लाडू मागवले, अख्ख्या सेक्शनला वाटले.”

“मग झालं तर.”

“झालं कुठे? उद्या फेरमतदान. त्यांनी तुमच्या प्रिन्सिपलना फोन केलाय. साहेब स्वतः बघायला येणार आहेत.”

वृंदाच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. “म्हणजे मॅडमना कळलं? शुक्रवारी माझ्या कागदावर सही आहे!”

“अगं, गरिमा जिंकली की सगळे खूष. मग सही न करायला त्यांना काय झालंय?”

बुधवारी पाचवी ‘ब’मध्ये मागच्या बाजूला दोन खुर्च्या ठेवल्या गेल्या. एकीवर सभरवाल मॅडम बसल्या, दुसरीवर माथुरसाहेब, मांडीवर मिठाईचा डबा घेऊन. मॅडमच्या खास परवानगीने वृंदाने फळ्यावर लिहिलं, ‘जो सबसे अच्छा लगे, उसे वोट दो।’ मग दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. “समझ में आया?” “यस मैम!” कमलेशने न सांगता बिल्ला काढून टेबलावर आणून ठेवला होता. रिबिनी आजही लालच होत्या. वृंदाने तिच्याकडे बघायचं टाळलं.

चिठ्ठ्या पडल्या. वृंदा टेबलाशी उभी राहून एकेक उघडून मनातल्या मनात वाचायला लागली. कमलेश. कमलेश. कमलेश. सातवी चिठ्ठी तिने उलटसुलट करून पाहिली. शेवटी मोजदाद झाली ती अशी: कमलेश चाळीस, गरिमा दोन. परवापेक्षाही एक कमी.

परवा निदान तिचं हिंदी आड यायला होतं, आज आड यायला काहीच नव्हतं. माथुरसाहेब डब्याची दोरी सोडत होते. चिठ्ठ्या फक्त तिनेच पाहिल्या होत्या. नावांची अदलाबदल केली असती तर साहेब खूष, मॅडम खूष, श्यामकांत दिल्लीत, आणि शुक्रवारी सही. तोंडातल्या तोंडात तिने ‘गरिमा’ म्हणूनही पाहिलं. मग तिने मान वर केली. बेचाळीस मुलं तिच्याकडे बघत होती, आणि आपण चिठ्ठीवर काय लिहिलंय हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

“कमलेश चालीस,” ती म्हणाली. “गरिमा दो.”

साहेबांचा हात दोरीवर थांबला. “बच्चो,” ते खाकरून म्हणाले, “आज तो साफ़ लिखा है ना?”

विवेक बिष्ट उठला. “जी सर। उस दिन भी साफ़ था। मैम हमें चौथी से पढ़ाती हैं। हमें पता है, मैम का मत माने वोट।”

“फिर उस दिन तुमने मैम से वो सब क्यों कहा?”

“गरिमा रोने लगी थी ना, सर। और डर भी लगता है।”

“किससे? कमलेश से?”

“नहीं सर,” विवेक अगदी मनापासून म्हणाला. “कमलेश तो सबको मारती है। गरिमा चुन-चुन के नाम लिखती है।”

गरिमाने रडत रडत वहीचं मागचं पान उघडलं आणि विवेक बिष्टचं नाव लिहून घेतलं. ते माथुरसाहेबांनी पाहिलं.

साहेब उठले. मॅडमना आणि वृंदाला त्यांनी खुणेनेच व्हरांड्यात बोलावलं. वृंदाने मनातल्या मनात स्टाफरूममधला आपला कप आणि छत्री गोळा करून ठेवली.

“मैडम,” साहेब इकडेतिकडे बघत हळू आवाजात म्हणाले, “ये जो आज का चुनाव हुआ, इसका कोई रिकॉर्ड है?”

“जी, अभी तो नहीं,” सभरवाल मॅडम म्हणाल्या.

“तो मत रखिए। पहले वाला ही चलने दीजिए। ग़लती भाषा की थी, बस। क्या है, दफ़्तर में सबको लड्डू खिला चुका हूँ। घर पर भी बता दिया है।”

“और मॉनिटर?” वृंदाने विचारलं. इतकी हिंमत कुठून आली, हे तिचं तिलाच कळलं नाही.

साहेबांनी दारातून आत पाहिलं. “कमलेश ही रहेगी। अब ग़लती हो गई तो हो गई।”

शुक्रवारी श्यामकांत क्वार्टरच्या जिन्यातच वाट बघत उभा होता. “काय झालं? सही केली?”

“केली. झाले मी कायम. वर शेरा आहे: ‘शिक्षिका की हिंदी अत्यंत कमज़ोर।’”

“अरेरे! पण तू मनावर घेऊ नकोस. मी तुला रोज अर्धा तास हिंदी शिकवतो, बिल्कुल पक्कं करून टाकतो.”

“खबरदार!” वृंदा म्हणाली. “माझं हिंदी सुधारलं, तर तुमचा सीआर बिघडेल.”