गोबरगॅसला विरजण

"या घरात इथून पुढं काहीसुद्धा वाया जाणार नाही, आणि कशाचा कुणाला त्रासही होणार नाही!"

सुनेत्रानं ही घोषणा केली तेव्हा तिच्या कडेवर दहा महिन्यांची छकुली होती आणि मोकळ्या हातात पहार होती. पहार कशाला, ते पुढं येईलच.

सुनेत्रा परभणीची. बी.एस्सी. झालेली. लग्न होऊन पिंगळीच्या अलीकडच्या या गावात आली, तेव्हा गावानं तिच्याकडं कौतुकानं पाहिलं आणि तिनं गावाकडं संशयानं! त्यात छकुली झाली, आणि बाईच्या डोळ्यांना विश्रांती म्हणून राहिली नाही. पाणी उकळायचं, गाळून पुन्हा उकळायचं, आणि गार होताना त्यावर माशी फिरकली असेल की काय म्हणून परत उकळायचं. शेवटी पाणी पातेल्यात कमी आणि हवेत जास्त! माशी दिसली की तुम्हाआम्हाला माशी दिसते. सुनेत्राला तिच्या पायांना लटकलेले जंतू दिसायचे, तेही टोळीटोळीनं.

पण सगळ्यांत मोठा वैरी होता चुलीचा धूर. स्वयंपाकघरात गोवऱ्या पेटल्या की इकडं माजघरात छकुलीला ढास लागायची. एवढासा जीव खोकून खोकून लालबुंद व्हायचा, आणि सुनेत्राचा जीव टांगणीला लागायचा. परभणीच्या डॉक्टरांनी औषधाची बाटली हातात दिली आणि वर म्हणाले, "बाई, बाटली नावाला. आधी धूर बंद करा."

झालं! सुनेत्रानं गोबरगॅसचा ध्यास घेतला. नवरा दिनकरराव पालमच्या शाळेत मास्तर. आई आणि बायको समोरासमोर आल्या की त्यांना नेमकं शेतातलं काम आठवायचं. तेव्हा तिनं थेट सासऱ्यांनाच गाठलं.

"मामा, शेणातून गॅस निघतो. आणि गॅस निघाला तरी शेण संपत नाही. जी रबडी बाहेर पडते ती खताला शेणापेक्षा सरस!"

माणिकरावांनी पान गालात सारलं. "म्हंजी म्हशीचं दूध काढायचं, आन् कास पुन्हा भरलेलीच?"

"तसंच समजा."

"मग खड्डा खणा की! वाट कुणाची बघायलाव?"

सरकारी योजनेतून टाकी आली. जमिनीत विटांची विहीर, तिच्यावर उपडी घातलेली लोखंडी टाकी. गॅस साठला की टाकी वर यायची, वापरला की खाली बसायची. पहिली निळी ज्योत पेटली तेव्हा अर्धं गाव स्वयंपाकघरात आणि उरलेलं खिडकीत! सासूबाई, म्हणजे मनकर्णाबाई, तेवढ्या नाकाला पदर लावून उभ्या.

"शेणाच्या आगीवर भाकरी? शिव शिव!"

"आत्याबाई, आजवर गोवऱ्या कशाच्या जाळल्या?"

"त्या वाळलेल्या असतात!"

 दुसऱ्याच दिवशी सुनेत्रानं पहार उचलली आणि वर सांगितलेली घोषणा करून चूल फोडून टाकली. परतीची वाटच नको!

मनकर्णाबाईंनी चुलीची माती पदरात गोळा केली. "फोड, फोड. पण ध्यानात ठेव सूनबाई. ही तुझी निळी आग एक दिवस जरी बंद पडली, तर मी चूल तिथंच घालीन. आन् मग या घरात गॅसचं नाव काढायचं न्हाई!"

"कबूल!" सुनेत्रा म्हणाली. छकुली त्या रात्री एकदाही खोकली नाही.

आता राहिली गोष्ट बायनाबाईची. गोठा झाडायचा आणि शेण आपल्या गोवऱ्यांना न्यायचं, हा तिच्या सासूपासून चालत आलेला रिवाज. टाकी आली आणि झाडणं राहिलं, शेण गेलं! बायनाबाई खराटा आपटत म्हणायची, "शिकलेल्या लोकाईनं आता शेणबी सोडलं न्हाई, बया!"

सुनेत्रा तिकडं लक्ष द्यायची नाही. तिचं लक्ष गोठ्यातल्या माश्यांवर. छकुली नुकती रांगायला लागली होती, आणि पोरीचा ओढा देवघराकडं नाही, खेळण्यांकडं नाही, थेट गोठ्याकडं! मग परभणीहून फिनेलचा मोठा डबा आला. सकाळ-संध्याकाळ गोठा फिनेलच्या पाण्यानं धुवायचा, हा नियम झाला. आणि ते पाणी तरी का वाया जावं? शेण कालवायला रोज पाणी लागतंच, उन्हाळ्याचे दिवस, विहिरीनं तळ गाठलेला! सुनेत्रानं गोठ्यापासून टाकीशेजारच्या शेण कालवायच्या हौदापर्यंत फरशीची नाली काढून घेतली. धुतलेलं पाणी आपोआप हौदात. बघणारा म्हणेल, वा! काय डोकं आहे!

अशात अधिक महिना लागला. अधिक महिन्यात जावयाला धोंडे खाऊ घालायचे असतात, पुरण भरलेले, तळलेले, आणि वाण म्हणून तेहतीस द्यायचे, हे काय सांगायला हवं? झरीचे जावई गोविंदराव या घरच्या लेकीला, सुमंगलाला, घेऊन येणार होते. मनकर्णाबाईंनी आठ दिवस आधीच डाळ निवडून ठेवली.

आणि नेमकी तेव्हापासून ज्योत आजारी पडली!

आधी वितीएवढी होती ती बोटाएवढी झाली. मग देवघरातल्या निरांजनानं तिच्याकडं बघून छाती फुगवावी अशी! एक चहा होईपर्यंत माणिकराव शेताला चक्कर मारून यायला लागले.

"म्हशीच्या शेणात दम न्हाई," त्यांनी निदान केलं. "कडब्यानं काय होतंय? सरकीची पेंड चारा. तेल काढलं तरी तिच्यात लय जोर राहतो."

म्हशींची चंगळ झाली. शेण दुप्पट झालं. ज्योत निम्मी झाली!

"नजर लागली," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि त्यांनी टाकीला लिंबू, मिरच्या, बिब्बा बांधला. टाकी आता मालमोटारीसारखी दिसायला लागली, फक्त चालत नव्हती.

सुनेत्रानं काय केलं? तिनं शास्त्र वापरलं! नळीला साबणाचा फेस लावून गळती बघितली, शेण किती पाणी किती ते तपासलं. आणि दुप्पट शेणानं माश्याही दुप्पट झाल्या म्हणून फिनेल दुप्पट केलं.

धोंड्याचा दिवस उजाडला. पुरण कसंबसं शिजलं. कढईत तेल चढवलं, पहिला घाणा सोडला, आणि धोंडे तेलात नुसतेच पोहायला लागले. तळायचं नाव नाही!

"आग गेली गं बाई!" मनकर्णाबाई ओरडल्या. "जावई वेशीत आले असतील!"

माणिकराव परसात धावले. टाकी पार खाली बसलेली. "दाब कमी पडायलाय!" असं म्हणून त्यांनी धोतर खोचलं, आणि पटका सावरत टाकीवर चढून मांडी घालून बसले. आत स्वयंपाकघरात ज्योतीनं मान वर केली.

"आली! जरा आली!" सुनेत्रा खिडकीतून ओरडली. "मामा, हलू नका!"

तेवढ्यात राजदूत मोटारसायकल फटफटत दारात आली. गोविंदराव पांढऱ्याशुभ्र टेरिकॉटमध्ये, मागं सुमंगला. हातपाय धुवायला परसात येतात तो काय, सासरे लोखंडी टाकीवर समाधी लावून बसलेले!

"मामा, तिथं कामून बसलाव?"

आता जावयाला काय सांगणार, की तुमच्या पंगतीला आग पुरेना? इज्जतीचा सवाल! माणिकराव आभाळाकडं बघत म्हणाले, "असंच. हवा खायलोय."

गोविंदरावांचा चेहरा पडला. ते बायकोच्या कानात म्हणाले, "दिवाळीला आलो न्हाई, त्याचा राग दिसतोय. रुसून बसलेत." आणि माणूस मनाचा मोठा! चपला काढल्या आणि समजूत काढायला टाकीवर चढून सासऱ्याच्या शेजारी बसले. "मामा, चुकलंच माझं. आता राग सोडा."

दोघांचं वजन पडल्याबरोबर आत ज्योत भुर्रकन उसळली.

"आली! आली! लय झक्कास आली!" मनकर्णाबाईंचा आनंदाचा आवाज परसात पोचला.

"बघा, आमी आलो म्हणून मामी किती खूश झाल्या!" गोविंदराव म्हणाले. "चला खाली."

माणिकरावांनी त्यांचा दंड गच्च धरला. "बसा! उठायचं न्हाई!"

"मग माफ केलं म्हणा!"

"अजून एक जण बसवा!" आतून हुकूम आला. "दुसरा घाणा सोडलाय!"

गोविंदरावांना आता काहीच कळेना. या घरात धोंड्याचा नवा काही विधी निघाला की काय! ते सुमंगलाला हात देणार, तोच टाकीच्या पोटात 'गुडुगुडुगुडुक' असा आवाज झाला, टाकी तळाला टेकली, आणि काठावरचं शेण उडून पांढऱ्या टेरिकॉटवर छान नक्षी उमटली. आत ज्योत विझली. पुरती!

 मग मनकर्णाबाई झारा घेऊन परसात आल्या. त्यांनी जावयाकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि गोठ्यात उभ्या असलेल्या बायनाबाईवर झारा रोखला.

"हिनंच केलं काहीतरी! शेण बंद झालं त्या दिवसापासून हिचा तळतळाट चालू हाय. रोज सांज-सकाळ ही हौदापाशी असती!"

"माय माय! मी काय केलं?" बायनाबाईच्या हातातला खराटा खाली पडला. "म्या तर काम करायले. जावईबापू येणार म्हणून आज सकाळीच गोठा दोनदा धुतला. लेकरांची आन, आत्याबाई!"

"उद्यापासून या वाड्याची पायरी चढायची न्हाई! आन् सूनबाई, माती भिजव. चूल घालायची!"

सुनेत्राचं तिकडं लक्षच नव्हतं. ती नालीकडं बघत होती. गोठ्यातून दुधासारखं पांढरंशुभ्र पाणी झुळुझुळू वाहत हौदात पडत होतं. वासानं डोळे चुरचुरत होते. जंतू मारायचं औषध! आणि गॅस कोण तयार करतं? जंतू! शेणातले जंतू शेण खातात आणि गॅस सोडतात, हे तिनं परीक्षेत लिहिलं होतं, चांगले मार्क मिळाले होते!

 गप्प बसलं तरी चूल येणारच होती. आणि खरं बोललं तरी चूल येणारच होती, वर हसू होणार होतं ते वेगळं. तिनं बायनाबाईकडं पाहिलं. बाई पदरानं डोळे टिपत होती.

"आत्याबाई, तिनं नाही. मी मारलं!"

"कुणाला?" माणिकराव टाकीवरूनच ओरडले.

"जंतूंना. टाकीत असतात ते. तेच गॅस करायचे. मी फिनेलचं पाणी सोडलं आणि सगळे मेले."

"किती होते?"

"कोट्यवधी असतील, मामा."

मनकर्णाबाईंनी झारा कपाळाला लावला. "अगं बाई! पुण्याचा महिना, लोक मुंगीलाबी साखर घालायलेत, आन् माझ्या सुनेनं कोट्यवधी जीव मारले! तेबी स्वयंपाक करणारे!"

बायनाबाईचे डोळे झटक्यात कोरडे झाले. "आता गोवऱ्या लागतील न्हवं? आणू का?" ती गोड आवाजात म्हणाली. "पर पुढं शेणाचं काय?"

"दोन म्हशींचं तुझं!" माणिकरावांनी तिथल्या तिथं तह केला.

अंगणात तीन दगड मांडून धोंडे तळले. धूर निंबावरून आभाळात गेला. माणिकरावांच्या धोतरात आणि बनियनवर बसून गोविंदरावांनी असे काही धोंडे हाणले की सगळा प्रकार विसरले. हात धुताना म्हणाले, "वैनी, झरीला आमच्याकडं टाकी मस्त चालू हाय. हिच्यातली घाण उपसा, नवं शेण भरा, आन् आमच्या टाकीतली रबडी वरून घाला. दुधाला विरजण लावतो तसं. जंतू आपोआप वाढतील. दोन पिंपं पाठवतो."

"न्हाई!" मनकर्णाबाई कडाडल्या. "लेकीच्या घरचं काही घेत नसतेत! पाणीबी प्यायचं न्हाई, आन् तुमी रबडी कुठं काढली?"

सुनेत्राचं तोंड उतरलं. छकुली मांडीवर झोपली होती. तिच्या छातीतली घरघर आत्ताच ऐकू यायला लागली आहे असं सुनेत्राला उगाच वाटलं.

गोविंदरावांनी सुपारी कातरली. "मामी, माझं कुठं काय हाय त्यात? म्हशींचं हाय. म्हशी काही तुमच्या लेकीकडच्या न्हाईत, आमच्या आईच्या माहेरच्या हायत."

 नात्यात म्हशी कुठं बसतात ते मनकर्णाबाईंनी बोटांवर मोजलं. कुठंच बसेनात. "मग चालतंय," त्या म्हणाल्या. "पण चूल महिनाभर अंगणातच. गॅस आला न्हाई, तर घरात."

तर असं झालं, की सासुरवाडीनं जावयाला तेहतीस धोंडे दिले, आणि जावयानं सासुरवाडीला ट्रॅक्टरमधून दोन पिंपं रबडी धाडली. सुनेत्रानं नाली स्वतः बुजवली, फिनेलचा डबा माळ्यावर टाकला आणि रोज टाकीपाशी जाऊन उभी राहू लागली. लोक देवाला नवस बोलतात. ती जंतूंची विनवणी करायची, "वाढा रे बाबांनो!"

आणि वाढले! एका सकाळी टाकी फुगून वर आलेली. काडी लावली, तशी वितीएवढी निळी ज्योत! मनकर्णाबाईंनी स्वतः दूध तापवलं. अंगणातले तीन दगड स्वतः उचलून कुंपणाशी टाकले. म्हणाल्या, "जिंकलीस, सूनबाई. आता चूल नको. पण या जिवांना एकदा दुखावलंय आपण. पुन्हा रुसायला नकोत."

म्हणून त्यांनी गॅसच्या शेगडीला हळदकुंकू लावलं, आणि रोज सांज-सकाळ तिच्यापुढं ऊद जाळायचं ठरवलं. बायनाबाईच्या गोवरीचा मोठा निखारा, त्यावर मूठभर ऊद, चिमूटभर राळ, आणि वास बाहेर जाऊ नये म्हणून खिडकी बंद!

स्वयंपाकघर धुरानं गच्च भरलं. माजघरात छकुली खोकायला लागली.

सुनेत्रानं बोलायला तोंड उघडलं, आणि ठसका लागला.

"खोक, खोक," धुराच्या आतून सासूबाईंचा प्रसन्न आवाज आला. "पण गॅस चालू हाय का न्हाई, ते सांग!"