आठ नंबरातली लाल दोरी

"तीन दिवसांत त्या सुखवाडीचा पितळ उघडा पाडून दाखवतंय, बघ तू," लवूकाकांनी पनवेलच्या लेकीला फोनवर बजावलं आणि फोन असा ठेवला, जणू काम झालंच.

लवूकाका म्हणजे देवबागचे लवू कुबल. आयुष्यभर मालवाहू बोटींवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होते. ते निवृत्त झाले, पण त्यांचा आवाज झाला नाही. अंगणात उभं राहून चहा मागितला तर खाडीपलीकडच्या म्हशी मान वर करायच्या. बोटीवर हाताखाली गडीच गडी होते. घरात एकच उरली होती, सुगंधाकाकी, आणि त्या हुकूम ऐकत नसत.

सुखवाडी म्हणजे कुडाळच्या अलीकडे, काजूच्या बागेत नव्याने उभी राहिलेली म्हाताऱ्या माणसांची वसाहत. प्रत्येक जोडप्याला एक खोली, जेवण सगळ्यांचं एकत्र, नर्स रात्रंदिवस हाताशी. कायमचं राहायला यायचं की नाही, हे ठरवायला तीन दिवस पाहुणे म्हणून राहता येई. लेक सारिका गेल्या पावसाळ्यापासून त्यासाठी मागे लागली होती.

गेल्या पावसाळ्यात झालं होतं ते असं. भर दुपारी काकींच्या छातीत कळ आली. बाहेर वारा पिसाळलेला, रस्त्यावर माड आडवा पडलेला, रिक्षा माडाच्या पलीकडे आणि ही दोघं अलीकडे. माड तोडून रिक्षा येईपर्यंत लवूकाका काकींचा हात धरून "गॅस आसा गो, गॅस," म्हणत बसले. गॅस नव्हता. निभावलं, पण मालवणच्या डॉक्टरांनी सांगितलं, पुढच्या वेळी एवढा उशीर चालायचा नाही.

त्यानंतर लवूकाकांनी हा विषय कधी काढला नाही. फक्त काकी दुपारच्या झोपल्या, की ते शेजारी खुर्ची ओढून बसत आणि वर्तमानपत्राची पानं मुद्दाम फडाफडा उलटत. काकींनी वैतागून कूस बदलली, की पेपराची घडी घालून बाहेर निघून जात. काकींना वाटे, या माणसाला पेपरसुद्धा हळू वाचता येत नाही.

पण म्हणून काय घर सोडायचं? समुद्र सोडून काजूच्या झाडांकडे बघत बसायचं? लवूकाकांचं ठरलेलं होतं. काकी "बघूया," एवढंच म्हणाल्या, आणि पिशवी भरताना चार जास्तीच्या साड्या टाकल्या. लवूकाकांना तिथेच शंका यायला हवी होती.

सुखवाडीत पाय ठेवल्यापासून काका दोष वेचत सुटले, आणि दोष त्यांना भराभर सापडले. बाहेर जायचं तर फाटकावर नाव सांगून जायचं. "मी सगळी दुनिया फिरलंय, आता काय वॉचमनाक इचारून फिरू?" बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत, शोभा जाते. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे मासा. रविवारीच तो मिळे, आणि तोसुद्धा काटे काढून.

"काटे काढून?" काकांनी स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा विचारलं.

"घशात अडकू नयेत म्हणून," व्यवस्थापक सुदेश नम्रपणे म्हणाला. तरुण, नीटनेटका, कुठल्याही म्हाताऱ्याशी हसून बोलणारा.

"जल्माक इल्यापासून काटे खातंय मी," काका म्हणाले. "माझ्या घशाक रस्तो ठाऊक आसा."

काकींचं मात्र सगळं उलटंच चाललं होतं. सकाळी चहा आयता आला, तेव्हा त्या कपाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग खुर्चीवर बसून करायच्या व्यायामाला गेल्या, तिथल्या बायकांबरोबर भजनाला गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी तर जेवताना त्यांनी काकांना ओळखच दाखवली नाही, बायकांच्या टेबलावर जाऊन बसल्या.

काकांच्या वाट्याला शेजारच्या खोलीतले शंकर धुरी गुरुजी आले. मूळचे तळेऱ्याचे, आता वर्षभर इथेच. काकांनी त्यांना सरळ विचारलं, "खरा सांगा, हयचे फायदे काय नि तोटे काय?"

गुरुजींनी आमटी संपवली. "फायदा म्हणजे इथे बोलायला माणसं आहेत."

"आणि तोटो?"

"रोज तीच आहेत."

काका खूश झाले. हे वाक्य सारिकाला जसंच्या तसं ऐकवायचं त्यांनी ठरवलं.

तिसरा दिवस बुधवारचा, म्हणजे कुडाळच्या बाजाराचा. काकी सकाळीच व्यायामाला गेल्या. काकांनी लुंगी, बनियन आणि पंचा धुवायला घेतला. मध्येच पाणी गेलं. काकांनी तो दोष मनात जमा केला, उरलेल्या बादलीत कपडे खळबळले आणि नळ तसाच उघडा राहिला. आता कपडे वाळत घालायचे कुठे? बाल्कनी बंद. बाथरूममध्ये बघितलं, तर छतापासून खाली एक लाल दोरी लोंबत होती. काकांच्या मते ती सुखवाडीतली पहिली कामाची वस्तू.

नर्स समीक्षाने पहिल्याच दिवशी या दोरीबद्दल सांगितलं होतं, की काही दुखलंखुपलं, पडायला झालं तर ओढायची, ऑफिसात घंटा वाजते. पण तेव्हा काका नळ गळतो का ते बघत होते.

बाथरूमचं दार खोलीच्या बाजूला उघडणारं. काकांनी ते थोडं किलकिलं ठेवलं, दोरीचं टोक आतल्या कडीला ताणून बांधलं, तेही बोटीवरच्या गाठीने, जी वादळातही सुटत नाही. तिच्यावर लुंगी पसरली, पंचा टाकला, वर बनियन अडकवलं. मग अंग चोरून फटीतून बाहेर सरकले आणि हात आत घालून दोरी आणखी आवळली, तशी फट जेमतेम हात जाईल एवढीच उरली. आवळताना पोट दाराला लागलं, दार थोडं हललं, दोरी ओढली गेली. खोलीत काही ऐकू आलं नाही. काका पिशवी घेऊन मागच्या बाजूने, कुंपणाच्या भगदाडातून, कोणालाही न विचारता, पाच मिनिटांच्या पायवाटेने बाजाराला गेले.

ऑफिसात मात्र त्यांच्या खोलीची, आठ नंबरची, घंटा खणाणली.

सुदेश आणि समीक्षा धावत आले. खोलीत कोणी नाही. बाथरूमचं दार किलकिलं, पण ओढलं तर पुढे येईना. एव्हाना नळाला पाणी आलं होतं, ते धो धो वाहत होतं. सुदेशने फटीतून डोकावून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"काका आत उभे आहेत," तो म्हणाला. "लुंगी दिसतेय, बनियन दिसतंय. पण बोलत नाहीत."

"काका," समीक्षाने हाक मारली, "ऐकू येतंय का?"

सुदेशने पुन्हा दाराला हिसका दिला. लगेच ऑफिसातल्या मुलीचा फोन आला. "सर, आठ नंबरनं परत घंटा दिली."

"म्हणजे शुद्धीवर आहेत," समीक्षाच्या जिवात जीव आला. "बोलता येत नसेल. अर्धांगाचा झटका असू शकतो. मी अँब्युलन्स बोलावते." फोन करून झाल्यावर ती फटीशी वाकली आणि गोड आवाजात म्हणाली, "काका, घाबरू नका. मी विचारते, त्याचं उत्तर द्या. हो असेल तर दोरी एकदा ओढा, नसेल तर दोनदा. छातीत दुखतंय का?"

सुदेश दाराशी झटतच होता. फोनवरची मुलगी म्हणाली, "एकदा वाजली."

"दुखतंय," समीक्षा म्हणाली. "काकींना बोलावू का?"

सुदेशने पाय रोवून लागोपाठ दोन हिसके दिले.

"दोनदा," फोनवरून आवाज आला.

"काकींना नको म्हणतायत."

नेमक्या त्याच वेळी काकी दारात आल्या. त्यांच्या मागे व्यायामाच्या बायका, धुरी गुरुजी आणि पाय चालत असलेली निम्मी सुखवाडी. काकींनी समीक्षाचं शेवटचं वाक्य ऐकलं होतं.

"माका नको म्हणतत?" त्या म्हणाल्या.

त्या दारापाशी गेल्या. आत नळ वाहत होता आणि फटीतून लुंगी जराशी हलताना दिसत होती.

"अवो, ऐकतात?" काकी दाराला म्हणाल्या. "माझ्यार रागावल्यात? रागावतल्यातच. मी तुमका हय ओढून हाडलंय. सारिकेक फोन करून मीच सांगलंय, बाबांका काय सांगू नको, पण माका घरात भय वाटता. पाऊस पडाक लागलो, की माझा काळीज धडधडता. म्हणान इलंय. पण तुमका नको आसात तर नको. बाहेर येवा. घराक जावया. उद्या नको, आत्ताच जावया."

बायका डोळे पुसू लागल्या. अँब्युलन्स येऊन पोहोचली. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आली आणि गर्दीतच अडकली.

आणि मागच्या कुंपणातून, पिशवीभर बांगडे घेऊन, लवूकाका आत शिरले. बांगडे ताजे होते, काट्यांसकट होते आणि काकांची छाती अभिमानाने फुगलेली होती. काजूंच्या झाडांमधून पुढे आले, तर आठ नंबरसमोर अँब्युलन्स.

काकांच्या हातातली पिशवी जड झाली. त्यांच्या डोळ्यांपुढे तो पावसाळा उभा राहिला, तो आडवा माड, काकींचा तो गार हात. निवृत्तीनंतर कधी धावले नव्हते, ते धावले. पायरीवर चप्पल सुटली, ती सोडून दिली. गर्दीत घुसले, कोणाचा खांदा, कोणाची काठी बाजूला सारत पुढे आले आणि थांबले.

काकी उभ्या होत्या. पाठमोऱ्या, पदर खोचलेला, धडधाकट. दाराशी काहीतरी बोलत होत्या.

काकांनी भिंतीचा आधार घेतला. त्यांना हसू येत होतं आणि श्वास येत नव्हता. मग त्यांच्या लक्षात आलं, की आत कोणीतरी बिचारा संकटात असणार. शेजारी धुरी गुरुजी दारावर नजर खिळवून उभे होते. काकांनी हळूच विचारलं, "आत कोण आसा?"

गुरुजींनी मान न वळवता सांगितलं, "त्यांचे मिस्टर."

काका विचारात पडले. त्यांच्या माहितीप्रमाणे सुगंधाला मिस्टर एकच होता. त्यांनी टाचा उंच करून फटीकडे बघितलं. मग आपल्या त्या म्हशी उठवणाऱ्या आवाजात म्हणाले, "ती माझी लुंगी आसा."

सगळी सुखवाडी एकदम वळली. काकी सावकाश वळल्या. त्यांनी काकांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, एका पायातली चप्पल बघितली, पिशवीतून डोकावणाऱ्या शेपट्या बघितल्या, आणि जवळच्या पलंगावर बसल्या.

"बांगडे खंयसून हाडल्यात?" त्यांनी विचारलं.

पुढे काय झालं, ते काकांना तुकड्या-तुकड्यांनीच आठवतं. सुदेशने विळी मागवून फटीतून दोरी कापली आणि बनियन खाली पडलं. समीक्षा हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. अँब्युलन्सबरोबर आलेला डॉक्टर म्हणाला, आलोच आहे तर कोणाला तरी तपासतो. धावल्यामुळे काकांचं ब्लडप्रेशर चढलेलं निघालं, तेव्हा स्ट्रेचरवर नाही तरी पलंगावर त्यांनाच आडवं व्हावं लागलं. बांगडे आचाऱ्याने परस्पर ताब्यात घेतले.

खोली रिकामी झाल्यावर काकी खुर्ची ओढून बसल्या.

"चला घराक," त्या म्हणाल्या. "मी पिशवी भरतंय."

"खंय जातंस? हय ऱ्हवया," काका छताकडे बघत म्हणाले.

"माझ्यासाठी नको."

"तुझ्यासाठी नाय गो." काकांनी दाराकडे बोट केलं. "अँब्युलन्स बघलंस मा? मी बाजारातसून येवच्या आधी दारात. लुंगीसाठी एवढ्या बेगीन येतत, तर..." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं आणि काकींचा हात धरला. हात उबदार होता. काकांना इतकं हलकं वाटलं, की गेल्या पावसापासून आपण केवढं ओझं वाहत होतो, ते त्यांना त्या क्षणी कळलं.

"माका पण भय वाटता," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. त्यांच्या आयुष्यात इतक्या हळू आवाजात बोललेलं हे पहिलं वाक्य असावं.

काकी हसल्या. मग दोघांनी मिळून ठरवलं. पावसाळा इथे, बाकीचं वर्ष देवबागला. समुद्रही राहील आणि माड पडला तरी कोणाचं अडणार नाही. सारिकाला फोन झाला. तिला सगळं सांगितल्यावर फोनमधून नुसते हुंदके आले, आणि ती हसतेय हे काकांना उशिरा समजलं.

संध्याकाळी काका स्वतः ऑफिसात गेले. "जूनपासून आमची खोली धरून ठेव," सुदेशला म्हणाले.

सुदेश नेहमीसारखा हसला, पण जरा अवघडून. "काकींची पक्की आहे. तुमच्याबद्दल रहिवासी आत्ता चहानंतर बैठक घेतायत. म्हणजे, सकाळी दोघातिघांचं ब्लडप्रेशर वाढलं ना."

काका बाहेर बाकावर बसले. आत बैठक चालली. धुरी गुरुजींचा आवाज येत होता. स्वयंपाकघरातून बांगड्यांच्या तिखल्याचा वास सुटला होता आणि काकांच्या मते त्या वासाचा मतांवर चांगला परिणाम होत असावा. बऱ्याच वेळाने काकी बाहेर आल्या.

"झाला," त्या म्हणाल्या. "घेतत तुमका. एका मताच्या फरकान."

लवूकाकांचा ऊर भरून आला. "ता एक मत तुझाच म्हण की गो."

"माका पण इचारल्यानी," काकी पदर सारखा करत म्हणाल्या. "मी सांगलंय, इचार करून सांगतंय."