म्होरक्याचा आवाज

काका गेल्यावर काकूने घरभर त्यांचा आवाज शोधला, पण तो कुठेच नव्हता. फोटो ढीगभर होते. लग्नाच्या कॅसेटवर व्हिडिओवाल्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणी चढवली होती. मोबाइलवर काका "येतोय" एवढंच म्हणून ठेवून द्यायचे, त्यामुळे तिथेही काही उरलं नव्हतं.

मग तिला तो गेम आठवला.

काका पाणीखात्यात मीटर वाचायचे आणि संध्याकाळी हौशी नाटकांत कामं करायचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शहरातल्या दोघा-तिघा इंजिनिअरांनी कॉम्प्युटरवरचा एक गुन्हेगारीचा गेम काढला होता. त्याचं नाव 'काळी गल्ली'. गाड्या पळवायच्या, पोलिसांना चुकवायचं आणि शेवटी टोळीच्या म्होरक्याला गाठायचं. गेम कुणी घेतला नाही, कंपनीही बुडाली. पण म्होरक्याचा आवाज आपला आहे, हे काकांनी पुढे प्रत्येक लग्नात सांगितलं, दवाखान्याच्या रांगेतसुद्धा सांगितलं. शेजारी त्यांना म्होरक्याच म्हणायला लागले.

सीडी माळ्यावर सापडली. काकूने पुतण्याला बोलावलं. तो फ्रिज दुरुस्त करायचा, आणि ज्याला फ्रिज येतो त्याला सगळं येतं, असं काकूचं मत होतं. त्याच्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नव्हती. जागा असलेला कॉम्प्युटर मिळाला, तर तो सीडी ओळखेना. शेवटी एका गिऱ्हाइकाच्या गोदामातून त्याने एक जुनापुराणा डबा उचलून आणला. तो लावल्याबरोबर फ्यूज उडाला आणि सगळा जिना अंधारात गेला.

गेम एकदाचा सुरू झाला, पण म्होरक्या भेटणार सगळ्यात शेवटी. पहिल्याच गोळीबाराला खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई वर आल्या. रातपाळी करून त्या दिवसा झोपायच्या. पुतण्याने स्पीकर काढून ठेवले आणि तो मुकाट खेळू लागला. वय चाळिशीच्या पुढचं, बोटं जाड. गाडी सारखी फुटपाथवर चढायची आणि माणसं आडवी व्हायची. काकू शेजारी भाजी निवडत बसायची आणि मधूनमधून विचारायची, कुठवर आलास. त्याचं मनगट सुजलं. कामं उद्यावर पडली. एका गिऱ्हाइकाच्या फ्रिजमधलं होतं नव्हतं ते नासलं, आणि तो माणूस काकूच्या दारात येऊन ठणकावून गेला.

अखेर म्होरक्याचा अड्डा आला. नर्सबाईंना विचारून स्पीकर लावले. काकूने साडी बदलली, केस नीट केले आणि खुर्ची पुढे ओढली. पडद्यावर म्होरक्या उठला आणि बोलला. आवाज पातळ, नाकातला.

"हे नव्हेत," काकू म्हणाली.

तिच्याकडे बघायची पुतण्याची छाती होईना. तेवढ्यात म्होरक्याने त्याला गोळी घातली आणि गेमने त्याला परत रस्त्यावर आणून सोडलं. काहीतरी करायचं म्हणून त्याने गाडी काढली, ती नेहमीप्रमाणे फुटपाथवर चढली आणि तपकिरी स्वेटर घातलेल्या एका पादचाऱ्याला लागली.

"अहो, डोळे आहेत ना? मग बघा की," पादचारी म्हणाला.

काकू ताडकन उभी राहिली. घरात स्टुलावर पाय आपटला की काका त्या स्टुलालाही याच सुरात बोलायचे.

या स्वेटरवाल्याला पुतण्याने इतके दिवस येता-जाता उडवलं होतं.

"एवढं एकच वाक्य," काकू म्हणाली, "आणि त्यावर जन्मभर छाती काढून हिंडले." ती हसायला लागली आणि हसता हसताच तिचं तोंड वाकडं झालं. मग म्हणाली, "परत बोलव त्यांना."

बोलवायचा मार्ग एकच होता. पुतण्या गल्लीगल्लीतून काकांना शोधू लागला. ते सापडत, पडत, तेच वाक्य बोलत, स्वेटर झटकून पुन्हा चालू लागत.

"हळू घे रे. गुडघा दुखतो त्यांचा."

"हळू घेतलं तर बोलत नाहीत, काकू."

आणखी दोन-तीनदा त्याने ते केलं. मग त्याचे हात चालेनात. आपल्याच्याने हे होणार नाही, असं त्याने सांगून टाकलं. काकूने त्याला उठवलं आणि खुर्चीत स्वतः बसली. कुठलं बटण कशाचं, ते विचारून घेतलं. पण काका दिसल्यावर तिने त्यांना धडक दिली नाही. त्यांच्या चालीने ती मागोमाग जात राहिली. पाठीमागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजू लागले.

"असं मागे मागे जाऊन ते बोलायचे नाहीत," पुतण्या म्हणाला.

"न बोलू देत. कुठे जातात ते तरी बघते."

पुतण्या चहा टाकायला आत गेला. आधणात पावडर टाकतोय तोच बाहेर काहीतरी आदळलं आणि काकांचा आवाज आला, डोळे आहेत ना, मग बघा की. तो तसाच धावत दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला. काकू पडद्याशी भांडत होती. काका गेल्यापासून तिचा आवाज एवढा चढलेला त्याने ऐकला नव्हता.

"मी बघतच होते," ती म्हणत होती. "तुम्हीच न सांगता वळलात."

पुतण्याने आत जाऊन गॅस बारीक केला.