मुखरू धान प्रोड्यूसर कंपनी

नाव ठेवावं तर विक्कीनंच, असं आमच्या गावात सगळे म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो! दोन किराणा दुकानं आणि एक सलून, सगळी नावं माझी. म्हणून बायकांनी तांदळाची कंपनी काढायचं ठरवताच नावाचं काम मी मागून घेतलं.

अध्यक्ष मनकर्णामामी. तिची एकच अट.

"पोत्यावर दिव्यानीच्या बाबाचं नाव पायजे. बाकी काई बी करा."

दिव्यानी मामीची लेक; तिचे बाबा म्हणजे मुखरूमामा. या धानाचं जुनं बियाणं त्यांनी एकट्यानं वीस वर्षं जपलं. मागच्या कापणीत बांधावरूनच वाघानं त्यांना नेलं. तेव्हापासून मामी फारशी बोलत नाही. पोत्याचा विषय निघाला की तेवढी बोलायची.

तालुक्याच्या गावी, मूलला, सीए निकेशभाऊंकडे गेलो.

"'राष्ट्रीय' नको, सरकारी वाटंल असं काई नको, दुसऱ्या कंपनीसारखं त बिलकुल नको! दोन नावं दे, एक नाई जमलं त दुसरं."

पहिलं दिलं 'मुखरू धान'. दुसरं सुचेना, तर जागा भरायला 'विक्की धान'. कागदोपत्री मीही एक संचालक होतो ना! थोडी हौसही होती, खोटं कशाला बोलू?

आठवड्यानं कंपनी नोंदणी कार्यालयाचा आक्षेप आला. हे मुखरू कोण? वारसाची लेखी संमती जोडा, संधी एकदाच.

"हात्तीच्या!" म्हणून मी मामीपुढे कागद घेऊन बसलो. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. 'दिव्यानीच्या बाबाचं नाव कंपनीले द्याले माही काई हरकत नाई.' नवऱ्याचं नाव तिनं चाळीस वर्षांत एकदाही उच्चारलं नव्हतं. मलाही वाचताना काही खटकलं नाही. अख्खं गाव त्यांना तसंच म्हणायचं. मामीनं सही केली आणि मी मोठ्या रुबाबात, निकेशभाऊंना न दाखवताच, कागद पाठवून दिला.

चार दिवसांनी त्यांचा फोन.

"विक्की, या कागदात मुखरू कुठी आहे बे?"

"आहे ना! दिव्यानीचे बाबा!"

"तिथल्या सायबाले काय मालूम दिव्यानीचा बाबा कोण?"

पहिलं नाव बाद. दुसरं मंजूर! नवा अर्ज करायला वेळ नव्हता. धान कापणीला आलं होतं आणि नोंदणीशिवाय गिरणीवाला हात लावायला तयार नव्हता.

मामी अंगणात तांदूळ पाखडत होती. मी चाचरत सगळं सांगितलं. सूप थांबलं.

"काऊन रे? मुखरू! एवढी तीन अक्षरं लिहाले काय झालं होतं तुले?"

बोलली आणि दचकली. पदर तोंडावर दाबून तशीच बसून राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिलं पोतं तिनं मामांच्या फोटोखाली ठेवलं, छापलेली बाजू भिंतीकडे करून. मी मदतीला पुढे झालो, तर म्हणाली, "राहू दे, तू आता मालक आहेस."

चहा मांडला होता. मी थांबलो नाही.