भिंतीवरची वाडी

आमचा दत्तूमामा मुलगी पाहायला तळेगावला गेला आणि भिंत पसंत करून आला. मुलगी कशी होती, हे त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. पण तिच्या मागची भिंत कशी गुळगुळीत होती, ओल अजिबात नव्हती, हे त्यानं माझ्या आईला तीनतीनदा सांगितलं. "मग तिलाच माळ घाल," आई म्हणाली. त्यानंतर मामाला स्थळ दाखवायला कुणी नेलं नाही.

मामा लोणावळ्यात पाट्या रंगवायचा. मुंबईकरांचे बंगले उठत होते, दुकानं वाढत होती. कामाला तोटा नव्हता. पण हात पाटीवर आणि डोळे शेजारच्या भिंतीवर. नवी भिंत दिसली की बोटांच्या पेरांनी वाजवायची, तिला गाल लावायचा आणि म्हणायचं, "उपाशी आहे बिचारी!" एका बंगल्याच्या माळ्यानं त्याला चोर समजून धरलं, तर मामानं त्यालाही भिंत वाजवून बघायला लावली.

मी तेव्हा बाजारातल्या एका शेठजींच्या तांदळाच्या वखारीत कारकून होतो. अक्षर बरं आणि छाती बेताची, म्हणून टिकलो होतो. वखारीची रस्त्याकडची भिंत चाळीस पावलं लांब. तिच्यावर तांदळाची जाहिरात हवी, असं शेठजींच्या मनात आलं आणि मी शहाण्यानं मामाचं नाव सुचवलं.

मामानं भातखाचरं काढली. मागे डोंगर काढला, डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी काढली. पोत्यांचा पत्ता नाही. तरुणपणी तो वलवणच्या धरणाच्या कामावर दगडांवर आकडे रंगवायला होता. पाण्याखाली जाण्याआधी रोज डोळ्यांसमोर असलेली वाडी त्यानं आठवेल तशी उतरवली.

"यात आमचं नाव कुठं?" शेठजींनी विचारलं.

"आधी भात पिकू द्या," मामा म्हणाला.

शेठजी चिडायचे, पण बाजाराच्या दिवशी भिंतीपुढे गर्दी जमू लागली आणि गर्दीतली निम्मी माणसं तांदूळ घेऊन जाऊ लागली, तेव्हा ते गप्प बसले. गर्दी होती त्याच वाडीची. धरणानंतर दहा दिशांना पांगलेली ही माणसं आधी नुसती उभी राहायची. मग चुका काढायला लागली.

"भाऊ, माज्या दाराम्होरची जांभळ कुटं गेली?" वाडीतली ठकूमावशी कमरेवर हात ठेवून मामाला विचारायची. ती आता वलवणात भाच्याकडे राहत होती. "धरणात बुडली, पर कुणी तोडली न्हवती. ती तूच तोडलीस!"

मामा मुकाट्यानं शिडी लावायचा आणि जांभूळ उभी करायचा. दोन सख्ख्या भावांनी तर बांधावरून भांडण काढलं. जमीन वीस हात पाण्याखाली, पण भिंतीवरचा बांध दोन बोटं सरकलाय म्हणून एकमेकांची गचांडी धरली. मामानं एका बाजाराला बांध इकडे सरकवला, दुसऱ्या बाजाराला तिकडे. दोघेही खूश. शिवाय लोणावळ्याचा पाऊस दरवर्षी अर्धी वाडी धुऊन न्यायचा; दसरा झाला की मामा ती पुन्हा वसवायचा.

अशी सहा-सात वर्षं गेली. मग शेठजींनी वखार हलवून तिथे मुंबईच्या पाहुण्यांसाठी हॉटेल बांधायचं ठरवलं. "भिंत सोमवारी पडेल. तुमच्या मामांना तुम्हीच सांगा," ते मला म्हणाले. वाडी दुसऱ्यांदा जाणार होती आणि निरोप्या मी! घरी मामाच्या शेजारी बसून आठ दिवस जेवलो, पण सांगायचा धीर झाला नाही. रोज सांगायला तोंड उघडलं आणि ताटात मीठ असताना मीठच मागितलं.

सोमवार उद्यावर आला. रविवारचा बाजार भरला होता. मी भिंतीपाशी गेलो. मामा शिडीवर होता, खाली ठकूमावशी.

"मामा," मी म्हणालो, "उद्या ही भिंत..."

"आठ दिवस झाले मला कळून. तू मीठ मागत होतास तेव्हाच." मान वळवली नाही त्यानं. कुंचला चालूच.

तो एक नवं घर काढत होता. सहा-सात वर्षांत वाडीतलं घर न् घर मला पाठ झालं होतं. हे त्यातलं नव्हतं.

"हे कुणाचं?"

मामा कौलांच्या रेघा ओढत राहिला.

"भाऊचं," ठकूमावशी म्हणाली. "समद्यांची घरं बांधली त्यानं, आन् त्याला नगं व्हय? आमी समद्यांनी मिळून जागा दिलीया. माज्या पडवीला लागून."

"अहो पण मावशी, उद्या—"

"उद्याचं उद्या. आमी काय पयल्यांदा बुडतोय व्हय?"

मामानं कुंचला गेरूत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. मग खाली वाकून, मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा आवाजात, त्यानं विचारलं, "मावशी, दार कुठल्या अंगाला करू?"

"माज्याकडं कर," ती म्हणाली. "हाक मारली तर ऐकू याया पायजे."