पंजाबरावांनी कमान सिद्ध केली, त्याची हकीकत

श्री. शके सत्राशे शहाऐंशी, रक्ताक्षी नाम संवत्सर, कार्तिक मासी परगणे मोर्शी येथील मौजे खैरगव्हाणी मोठे रण माजले. त्या रणाची नोंद कोणत्याही दफ्तरी नाही. कारण त्या साली वऱ्हाडातील यच्चयावत लेखण्या कापसाच्या गाड्या लिहिण्यात गुंतल्या होत्या. सबब जे जाहले ते, वाढविल्यावाचून आणि झाकल्यावाचून, येथे लिहिले आहे. वाचणाराने घाई करू नये. कमानही घाईने जाहली नाही, आणि जी घाईने जाहली तिचे काय जाहले तेही पुढे येईल.

तर त्या सुमारास साता समुद्रांपलीकडे एकाच मुलखाचे दोन भाग आपसांत झुंजत होते, आणि तेथला कापूस बंद पडला, आणि विलायतेच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे तोंड फिरविले, आणि मग वऱ्हाडाने जेथे जेथे फाळ शिरेल तेथे तेथे कापूस पेरला. खळी गेली, गोठणे गेली, देवळामागची पडीक गेली. ज्वारी पुसावी तर मोर्शीच्या बाजारी पसाभर मिळेना. अशा समयी खैरगव्हाणात ज्वारी एकाच वावरात उभी होती, आणि त्या वावराचे धनी राजमान्य राजश्री पंजाबराव. हे त्यांच्या दूरदृष्टीने जाहले असे त्यांचे म्हणणे. वस्तुस्थिती ऐसी की मृगाच्या आधी त्यांच्या कुटुंबाने, सौभाग्यवती मनकर्णाबाईंनी, हुकूम फर्माविला होता, "कापूस काय थापून खायाचा हाय? ओढ्याकडच्या वावरात जवारी पेरा." हुकमाची तामिली जाहली. पेवातली जुनी ज्वारी पौषापावेतो पुरणार होती. पुढे वर्षभराची भाकर म्हणजे हेच वावर; दुसरी तजवीज नव्हती.

आता शत्रूची हकीकत. पेशजी परगण्यातील राघूंची फौज शंभर गावांच्या ज्वारीवर विखुरलेली असे, आणि कोणा एकाचे फारसे जात नसे. त्या साली पाच कोसांत दुसरे कणीस दिसेना, म्हणोन सारी हिरवी फौज एकवटून खैरगव्हाणच्या ओढ्यावरील वडावर मुक्कामास आली. कणसात दूध भरले, आणि त्याच सकाळी हल्ला जाहला. राघू पुरते कणीस खाईल तर एकवेळ खाऊ द्यावे. हा दोन दाणे खाई, कणीस तोडी, खाली टाकी, आणि दुसऱ्यावर बसे. पहिल्या चार दिवसांत टोपलीभर कणसे रोज मातीत मिळाली.

प्रतिकारास गोफण होती. परंतु वावराच्या बांधालगत गाडीवाट, आणि वाटेने सकाळपासून संध्याकाळपावेतो कापसाच्या गाड्या. पंजाबरावांनी वावरातल्या राखणीच्या माळ्यावर चढून पहिला धोंडा फेकिला, तो राघूंना न लागता पाटलांच्या गाडीच्या बैलास लागला, आणि बैल उधळला, आणि गाडी ओढ्यात कलली, आणि मग पंच बसले. निवाडा जाहला की पंजाबरावांच्या वावरात गोफण कोणीही चालवू नये. मग त्यांनी तोंडाने हाकारे घातले. तिसऱ्या दिवशी आवाज बसला, आणि राघू त्यांच्या डोक्यावरल्या मांडवावर येऊन बसू लागले.

तेव्हा खलबत करून मनसुबा ठरला की गलोल करावी. गलोल म्हणजे कमानच, परंतु तिला दोन दोऱ्या जोडीने असतात आणि मधल्या झोळीतून बाणाऐवजी मातीची वाळली गोळी सुटते. गोळीने बैल उधळत नाही. पुंजाराम सुताराकडे जासूद गेला. तिकडून जाब आला की अकरा गाड्यांची चाके पुढ्यात आहेत, होळीनंतर यावे. सबब पंजाबरावांनी खासा स्वतः कमान करण्याचा विडा उचलिला. त्यांनी आजवर लाकडाचे काही केले नव्हते. मात्र ते परगण्यातले नामांकित मोजणार होते. भावाभावांची वाटणी असो, बांधाचा तंटा असो, पंजाबराव दोरी घेऊन गेले की बोटभर इकडचे तिकडे होत नसे. अशा माणसास एक काठी तासणे कठीण ते काय, ऐसे त्यांच्या मनी आले.

धामणाचे लाकूड वाकते आणि मोडत नाही, म्हणोन कावडीचा दांडा त्याचाच करितात. घरात ऐसे दांडे दोन. एक रोजच्या पाण्याचा, दुसरा वडिलांच्या वेळचा, चुलीवरच्या आढ्याला वीस वर्षे धूर खात पडलेला. पंजाबरावांनी रोजचा दांडा काबीज केला, आणि वाकसाने तासून दोन प्रहरांत कमान पाडिली. मधला भाग मुठीत मावेना, म्हणोन तो मुठीपुरता बारीक केला. मग टोकाला दोरी अडकविली, गुडघा लाविला आणि जोर केला. कमानीने नेमके मुठीपाशी कडाड म्हणोन प्राण सोडिला, आणि तिचा अर्धा भाग पंजाबरावांच्या कपाळी येऊन आदळला.

मनकर्णाबाई कापूस वेचून परतल्या. त्यांनी टेंगूळ पाहिले, दोन तुकडे पाहिले, आणि विचारणा केली, "पानी कायनं आनाचं आता?"

पंजाबरावांनी कळविले की युद्धात नुकसान होते.

"होते ना. पन राघूचं कवा होईल?" ऐसे म्हणोन त्यांनी तुकडे चुलीत सारिले आणि घागर डोक्यावर घेऊन ओढ्यास गेल्या.

आता उरला वडिलांचा एकच दांडा. तो गेल्यास पुन्हा धामण मिळविणे म्हणजे मेळघाटच्या डोंगरात जाणे, आणि ओले लाकूड वाळेपावेतो संक्रांत येणार. पंजाबरावांनी दांड्यास हळदकुंकू वाहिले, आणि या खेपेस दोरीने मोजूनच काम करण्याचा निश्चय केला. मधोमध खूण केली. मूठ जाड राखिली. मग खुणेपासून दोन्हीकडे चार चार बोटांवर रेघा मारिल्या, आणि उजव्या बाजूस जितकी जाडी तितकीच डाव्या बाजूस, सूत गुंडाळून, गाठ मारून, ताडून पाहिली. सहा दिवस हे चालले. सहा दिवस राघू खात होते. सातव्या दिवशी कमान ऐसी सिद्ध जाहली की दोन सख्ख्या भावांत वाटली असती तर कोणीही कुरकुर केली नसती.

ती खुंटीला टांगून खाली ओढिली, तो उजवी बाजू फांदीसारखी लवली आणि डावी ताठ उभी राहिली.

पंजाबरावांनी पुन्हा मोजले. माप बरोबर होते. त्यांनी दोरीवर ठपका ठेविला आणि नवी दोरी वळिली. माप बरोबर, वाक तसाच. मग खुंटीवर संशय घेऊन दुसरी खुंटी ठोकिली. तेथेही डावी बाजू ढिम्म.

या समयी कुमक आली. गावात रहमतुल्ला पिंजारी म्हणोन एक वृद्ध असे. लोकांच्या गाद्या-उशांचा कापूस पिंजून देणे हा त्याचा धंदा. परंतु त्या साली लोकांनी बोंडांसोबत गाद्यांतला कापूसही विकून टाकिला होता, आणि ऐन कापसाच्या मुलखात पिंजाऱ्यास पिंजण्यापुरता कापूस नव्हता. सबब साऱ्या परगण्यात रिकामा माणूस तोच. तो तीन दिवस ओट्यावर बसून हा पराक्रम पाहत होता, आणि विचारल्याखेरीज बोलू नये ही त्याची रीत. चौथ्या दिवशी रीत मोडली.

"पंजाबराव, ते सूत जरा खाली ठेवता का?"

"काहून? माप चुकलं काय माह्यं?"

"मापाले काय झालं, माप सोळा आने हाय. पन कमान पाहा ना. एक हात नमाजातला रुकू करून राह्यला अन् दुसरा जमादारावानी उभा हाय."

पंजाबरावांनी बाजू मांडिली की दोघांची जाडी एक आहे, मग दोघांनी सारखेच वाकले पाहिजे; हा हिशेब देवाच्या दरबारीही टिकेल.

"देवानंच तं केलं हे झाड. बुडाकडचं लाकूड घट, शेंड्याकडचं नरम. दोघायले एकच भाकर देऊन राह्यले तुमी. वाक मोजा, दादा. जाडी सोडा."

मग रहमतुल्लाने शिस्त लावून दिली ती ऐसी. उन्हे कलली की कमान ओसरीच्या खुंटीला टांगावी, आणि एकाने दोरी वीतभर खाली ओढावी, आणि दुसऱ्याने कमान न पाहता भिंतीवरची सावली पाहावी. जेथे सावली सपाट, तेथे कोळशाची खूण करावी. खुणेपुरतेच विळ्याच्या धारेने खरवडावे, दहा ओढींहून जास्त नाही, आणि पुन्हा टांगावे. जी बाजू लवते तिला हात लावू नये.

हुकूम सोपा होता. तामिली दुर्घट. कारण डावी बाजू खरवडावी तो ती उजवीहून बारीक होई, आणि पंजाबरावांचा हात आपोआप उजवीकडे वळे. दोनदा रहमतुल्लाने मनगट धरिले. एकदा तो पान थुंकण्यास उठला, तेवढ्यात पंजाबरावांनी सूत काढून चोरून मोजले, आणि दोन बाजूंत जवभर तफावत पाहून त्यांच्या कपाळी घाम आला. आयुष्यात प्रथमच त्यांच्या हातून असमान वाटणी होत होती, आणि ती त्यांच्याच ओसरीवर, दिवसाउजेडी. तरी शर्थ करून त्यांनी सूत खिशात घातले. तीन दिवस दुपार ते दिवेलागणी खरवडणे आणि टांगणे चालले. भुशाचा ढीग वाढला. मनकर्णाबाई जाता येता विचारीत की यंदा भाकरीत भुसा चालेल काय.

तिसऱ्या संध्याकाळी रहमतुल्लाने दोरी ओढिली आणि भिंतीवर सावली पडली ती दोन्हीकडे सारखी, मुठीपाशी संथ, टोकाकडे वळत गेलेली, चतुर्थीच्या चंद्राऐसी. रहमतुल्लाने दोरी सोडिली आणि पुन्हा ओढिली. सावली पुन्हा तीच. मग पंजाबरावांनी खिशातून सूत काढिले, आणि कमानीकडे पाहिले, आणि सूत परत ठेविले.

रहमतुल्लाने आपल्या पिंजणीची राखून ठेविलेली आतड्याची तात, जी त्या साली त्याच्या कामी येणार नव्हती, ती कापून दोन दोऱ्या दिल्या, आणि मध्ये झोळी विणून दिली. दुसऱ्या दिवशी उजाडता पंजाबरावांची स्वारी पाचशे गोळ्यांच्या रसदीसह माळ्यावर चढली. राघू आले. झोळीत गोळी घालून त्यांनी कानापावेतो ताण दिला आणि सोडिला. गोळी राघूंकडे न जाता त्यांच्याच डाव्या अंगठ्यावर बसली.

गलोलीचे ऐसे आहे की सोडताना मनगट किंचित बाहेर मुरडावे लागते, नाहीतर गोळी कमान धरणाऱ्या हातावरच चालून येते. हे रहमतुल्लाने ओसरीवर तिन्ही दिवस सांगितले होते. पंजाबरावांनी मनगट मुरडिले, परंतु गोळी सुटल्यावर. दोन प्रहरांपावेतो चाळीस गोळ्या जाहल्या. पैकी अंगठ्यावर सहा, स्वतःच्या कणसांवर अकरा, बाकी ओढ्यात. राघू एकही जायबंदी नाही. एका कणसावर बसून एक म्हातारा राघू हे सर्व पाहत होता आणि खाणे थांबवीत नव्हता.

वावर निम्म्याहून अधिक शाबूत होते, परंतु ऐसेच आठ दिवस गेल्यास कडबाच उरणार, हे पंजाबरावांस दिसत होते. ते सुजलेला अंगठा तोंडात धरून बसले. इतक्यात मनकर्णाबाई शिदोरी घेऊन आल्या, माळ्यावर चढल्या, अंगठा पाहिला, वावर पाहिले, आणि हात पुढे केला.

"आना इकडे."

"मनगट मुरडा लागते," पंजाबरावांनी कळविले.

"आयकलं मी. ओसरीवर तीन दिवस तेच तं चाललं होतं."

त्यांनी पदर खोचिला, झोळीत गोळी घातली, ताण घेतला. कमान हू की चू न करता दोन्हीकडून सारखी लवली. गोळी सुटली, आणि म्हाताऱ्या राघूच्या शेपटीचे एक पीस हवेत तरंगत राहिले, आणि तो ओरडत उठला, आणि त्याच्यामागे सारी फौज उठून वडाकडे गेली. दुसऱ्या गोळीस वडाची फांदी हलली. तिसरीची गरज तूर्त पडली नाही.

मग मनकर्णाबाईंनी जाग्यावरच नवा बंदोबस्त फर्माविला. "मी हितं बसतो. तुमी कापूस वेचाले जा. थोडा राह्यला चार दिस झाडावर तं राहू द्या, जवारी थांबत नाही." पंजाबरावांनी मसलतीस वेळ मागितला, तो मिळाला नाही. येणेप्रमाणे ते फडके कमरेस बांधून बायांच्या रांगेत कापसात उतरले. त्यांनी वेचलेल्या कापसात पाने फार असत, हे शेजारच्या सुभद्राबाईंनी सर्वांस सांगितले.

युद्ध पुढे एकवीस दिवस चालले. शेवटल्या आठवड्यात सुलूख जाहला तो ऐसा की वडालगतच्या चार ओळी राघूंकडे राहाव्या, आणि पाचव्या ओळीवर जो बसेल त्यास गोळी मिळेल. उभय पक्षी तह पाळिला गेला. मार्गशीर्षात सोंगणी होऊन, कणसे खुडून, मळणी जाहली. दहा पोती ज्वारी पेवात उतरली. दोन टोपल्या रहमतुल्लाच्या घरी गेल्या. त्यांतली ज्वारी कोणी मोजली नाही.

तरी लिहून ठेवण्यात येते की मौजे खैरगव्हाणी राघूंवर फत्ते जाहली. कमान करणार पंजाबराव, शिकविणार रहमतुल्ला पिंजारी, चालविणार मनकर्णाबाई. पेव लिंपून जाहल्यावर मनकर्णाबाईंनी कमानीची दोरी उतरविली, लाकडास करडीचे तेल चोळिले, आणि चोळता चोळता, कोणाकडेही न पाहता, बोलल्या, "वाकते मात्र सारकी."

लग्नास एकोणीस वर्षे जाहली होती, आणि पंजाबरावांच्या कोणत्याही कामास या दरबारी मिळालेली ही पहिली मानाची खिल्लत. त्यांनी नीट ऐकू आले नाही ऐसे दाखवून फेरविचारणा केली. परंतु बाई भाकरी थापण्यास आत गेल्या होत्या.